उलट्या कामाला लावलेली खोली

खोली पहिल्यांदा उघडली तेव्हाचा वास अजून लक्षात आहे. कुबट, गोडसर, ओल्या पोत्यासारखा. जुन्या शीतगृहातली ती एक सुटी खोली, आतून ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच. बरीच वर्षं बंद पडलेली. दार इतकं जाड की ओढायला दोन्ही हात लागायचे, आणि लावलं की बाहेरचा आवाज कापल्यासारखा थांबायचा. माझा हिशेब सरळ होता. भिंती तयार, इन्सुलेशन तयार, फरशीला उतार आणि पाणी जायला मोरी आहेच. रॅक उभे करायचे, दिवे लावायचे आणि मातीशिवाय, पाण्यावर लेट्यूस, पालक, बेसिल वाढवायचं. दीड महिन्याचं काम, असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. लागले अकरा महिने.

जुनी यंत्रं काढायला आलेल्या मेकॅनिक काकांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "ताई, ही खोली बाहेरची उष्णता बाहेर ठेवायला बांधलीय. तुम्ही आतच उष्णता तयार करणार. मग ती जाणार कुठे?"

"एसी लावणार आहे ना," मी म्हटलं. काका काही बोलले नाहीत. आपल्या वाक्याचा अर्थ समोरच्याला सहा महिन्यांनी कळणार आहे, हे ओळखून गप्प बसणारी माणसं असतात, त्यांतले ते.

त्यांनी आधी दाराची आतली कळ तपासली. ती गंजून बसली होती, म्हणजे आत असताना दार लागलं तर आतून उघडणं अशक्य. "हे झाल्याशिवाय मी आत काम करणार नाही," म्हणाले, आणि ती बदलून, दहा वेळा उघड-मीट करून मगच पुढच्या कामाला हात लावला. जुन्या यंत्रात थंडावा देणारा आर-२२ वायू होता. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद होत गेलेला हा वायू हवेत सोडून द्यायचा नसतो. तो यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरून घ्यावा लागतो. मोठ्या शीतगृहांत अमोनिया असतो, तिथे तर अनुभवी माणसाशिवाय नळीलाही हात लावू नये. छतावरचे सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे निघाले, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. त्यांना भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, घासायचं नाही, एवढंच ठरवून ते होते तसे ठेवले आणि सगळी भोकं भिंतीतून नेली.

खरी गोष्ट भिंतीची आहे.

बाहेरून वीट, विटेच्या आतल्या अंगाला डांबराचा थर, त्यावर १०० मिलिमीटर थर्माकोल, त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा, अशी ती भिंत. एका कोपऱ्यात गिलावा पोकळ वाजत होता म्हणून तेवढा तुकडा फोडला. आतली थर्माकोलची लादी हातात घेतली आणि दचकले. थर्माकोल उचलताना हात नकळत वर जातो, एवढी आपल्याला त्याच्या हलकेपणाची सवय असते. ही लादी ओल्या विटेसारखी जड. फरशीपासून हातभर उंचीपर्यंत सगळीकडे हीच अवस्था होती. इन्सुलेशन काम करतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. हवेच्या जागी पाणी शिरलं की ती नुसती ओली भिंत उरते.

त्याच फोडलेल्या जागी वीजतारही सापडली. तिचं आवरण वाळक्या काडीसारखं कडकड मोडत होतं. पीव्हीसीच्या तारेला मऊ ठेवणारं द्रव्य थर्माकोलला नुसत्या स्पर्शानेही त्यात ओढलं जातं आणि तार ठिसूळ होते, हे मला तेव्हा कळलं. शिवाय इन्सुलेशनमध्ये गाडलेल्या तारेची उष्णता बाहेर पडत नाही, ती वेगळीच. थर्माकोल काय किंवा पफ (इन्सुलेशनचा फोम) काय, दोन्ही पेटणारे, आणि त्यांचा धूर जाळापेक्षा आधी माणसाला गाठतो. म्हणून नवी सगळी वायरिंग भिंतीच्या पृष्ठभागावरून, पाइपातून घेतली. ओल्या जागेत वीज खेळवायची म्हणून प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरवर तुटणारं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण, बसवलं. इलेक्ट्रिशियनला ते जास्तीचं वाटत होतं. मला नाही.

आता डांबराच्या थराकडे येते. तो विटेच्या बाजूला का होता? शीतगृह चालू होतं तेव्हा आत थंड आणि बाहेर गरम, दमट. बाष्प नेहमी जिथे जास्त तिथून कमी असेल तिकडे सरकतं, म्हणजे तेव्हा बाहेरून आत. त्याला थर्माकोलच्या आधी, बाहेरच्या बाजूलाच अडवायचं, म्हणून डांबर तिथे. बांधणाऱ्यांचं अगदी बरोबर होतं. पण माझ्या खोलीत आत २४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता राहणार होती. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो, १८ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे बाहेर थंडी पडली आणि वीट १२ अंशांवर आली, की आतलं बाष्प गिलाव्यातून, थर्माकोलच्या फटींतून वाट काढत त्या थंडगार डांबरापर्यंत पोचणार आणि तिथे पाणी होऊन बसणार. पुढे जायला वाट नाही. जो थर भिंतीला वाचवायला होता, तोच आता भिंतीत पाणी साठवणार.

हे मला कागदावर बाण काढून समजून घ्यावं लागलं. दोन बाण, एकमेकांच्या उलट. वहीचं ते पान अजून आहे.

उपाय सोपा वाटतो: आतल्या बाजूनेही बाष्परोधक थर द्यायचा. पण दोन बंद थरांच्या मध्ये आधीची ओल राहिली तर ती कायमची कैद होते. म्हणून आधी खालची सगळी ओली लादी काढली, बुरशी धरलेला गिलावा खरवडला, आणि पंखे लावून दार उघडं ठेवून भिंत सुकवत बसले. पहिले दोन आठवडे वाळणं दिसतं, नंतर दिसत नाही, आणि माणसाला वाटतं झालं. मी ओलावा मोजायचं यंत्र घेतलं म्हणून कळलं की झालेलं नव्हतं. सात आठवडे गेले. त्यानंतर नवी लादी, गिलावा, आणि त्यावर फायबरचे गुळगुळीत पांढरे पत्रे, सांधे सीलंटने बंद. पांढरे, कारण उजेड परत फेकतात. गुळगुळीत, कारण पुसता येतात. प्रत्येक भोक म्हणजे बाष्पाला दिलेलं दार, म्हणून सगळ्या तारा आणि नळ्या एकाच चौकटीतून आत घेतल्या आणि ती चौकट नीट भरून टाकली. एका कोपऱ्यात मात्र मुद्दाम हाताच्या पंजाएवढी खिडकी ठेवली, वर झाकण. भिंतीच्या पोटात काय चाललंय ते बघायला.

रॅक आणि पाण्याचं काम त्या मानाने पटकन उरकलं. चार रॅक, प्रत्येकी चार मजले, एकूण साधारण २३ चौरस मीटर लागवड. आधी पाण्यावर तरंगणाऱ्या तक्त्यांचा विचार होता, पण १० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. चार मजल्यांचं ते ओझं इन्सुलेशन घातलेल्या फरशीवर रॅकच्या बारीक पायांतून उतरवायची माझी छाती झाली नाही. म्हणून उतरत्या पन्हाळीतून पाण्याचा पातळ प्रवाह सोडायची पद्धत घेतली. तिचा तोटा असा की पंप थांबला की मुळं लवकर सुकतात. त्यासाठी एक जास्तीचा पंप आणि बॅटरी ठेवली. द्रावणाचं म्हणाल तर पीएच ५.५ ते ६.२ आणि ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) १.२ ते १.८ यांच्यात राहिलं की लेट्यूस तक्रार करत नाही. यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या अनुभवात सगळ्यात कमी त्रास याच भागाने दिला.

दिवे ठरवताना गणित केलं होतं. लेट्यूसला पानाच्या पातळीवर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे २५० मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक) प्रकाश १६ तास दिला, तर दिवसाचे १४ मोलच्या वर होतात, तेवढं पुरतं. चांगला एलईडी एक जूल विजेमागे २.५ मायक्रोमोल देतो असं धरलं, तर चौरस मीटरला १०० वॉट. २३ चौरस मीटरला २३०० वॉट. इथवर मी हुशार होते. दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज करून देणारे डबे, खोलीबाहेर बसवले, कारण साधारण दहावा हिस्सा वीज तिथेच उष्णता होऊन जाते. ती आत कशाला? तेही ठीकच.

पण शेजारचं गणित केलंच नव्हतं. भिंती आणि छत मिळून क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर. १०० मिलिमीटर थर्माकोलमधून, आत-बाहेर १० अंशांचा फरक असताना, जेमतेम ३०० वॉट उष्णता पार होते. आत २००० वॉटहून जास्त तयार होणार आणि भिंतीतून फार तर ३०० बाहेर पडणार, तेही बाहेर थंड असेल तर. दिवे कितीही थंड म्हणवून घेवोत, घेतलेली वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच उतरते. झाड त्यातला फार थोडा भाग साखरेत बांधतं. एसी न लावता चाचणी म्हणून दिवे लावले, दार बंद केलं, आणि दुपारपर्यंत खोली ३८ अंशांवर. काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं.

मग एसी घेतला, आणि इथे माझी सगळ्यात मोठी चूक. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट. माझी गरज त्याहून कमी होती. पण "मोठा असलेला बरा" या न्यायाने दीड टनाचा साधा एसी लावला. तो सुरू व्हायचा, सात-आठ मिनिटांत खोली थंड करून थांबायचा. तापमान अगदी हवं तसं. आर्द्रता ८८ टक्के. एसी हवेतलं पाणी काढतो ते त्याची थंड जाळी सलग चालत राहिली तर. मध्येच थांबला की जाळीवर धरलेलं थोडंफार पाणी पुन्हा हवेतच उडून जातं.

आणि पाणी होतं तरी किती! रोपं लहान असताना काही जाणवलं नाही. चौथ्या आठवड्यात टाकीत रोज २५ ते ३० लिटर भर घालावी लागायला लागली. आधी वाटलं गळती आहे. दोन दिवस सांधे तपासत फिरले. गळती नव्हतीच. झाड मुळातून जे पाणी घेतं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त पानांतून हवेत सोडून देतं. म्हणजे मी बादल्या भरून पाणी टाकीत नव्हे, हवेत ओतत होते, फक्त मधे एक झाड होतं. बंद खोलीतून ते काढायला तेव्हा एसीशिवाय दुसरा रस्ता नव्हता. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट ऊर्जा लागते. ३० लिटरचा हिशेब केला तर दिव्यांच्या उष्णतेतला अर्ध्याहून जास्त भाग पानंच वाफेत गुंडाळून ठेवतात. तापमापक तो दाखवत नाही. तो दिसतो फक्त आर्द्रतेत.

रात्र आणखी वाईट. दिवे बंद झाले की उष्णता बंद, उष्णता नाही म्हणून एसी बंद, आणि पानं मात्र अजून पाणी सोडतायत. पहाटे दार उघडलं की छताला थेंब लटकलेले. सहाव्या आठवड्यात बेसिलवर करडी बुरशी आली आणि दोन मजले उपटून टाकावे लागले.

लेट्यूसचं दुखणं वेगळं होतं. बाहेरची पानं टवटवीत, आणि आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, जळल्यासारख्या. कॅल्शियमची कमतरता, असं जो-तो सांगत होता. म्हणून मी द्रावणात कॅल्शियम वाढवलं. ईसी चढला, कडा जळतच राहिल्या. कॅल्शियम टाकीत भरपूर होतं, पानापर्यंत पोचत नव्हतं. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि गड्ड्याच्या आतल्या पानाभोवतीची हवा दमट आणि थिजलेली असेल तर ते पान पाणी ओढतच नाही. औषध टाकीत नव्हतं, पंख्यात होतं. प्रत्येक मजल्यावर छोटे पंखे लावले, पान हलकं थरथरेल इतकेच. पुढच्या लागवडीत जळालेल्या कडा शोधाव्या लागल्या.

आर्द्रतेवर तीन गोष्टी केल्या. दीड टनाचा एसी काढून १ टनाचा इन्व्हर्टर एसी लावला, जो काम कमी असेल तेव्हा थांबत नाही, मंद चालत राहतो. मग दिव्यांची वेळ फोडली. आधी सगळे रॅक एकदम जागे आणि एकदम झोपलेले असायचे. आता दोन रॅक रात्री १२ ते दुपारी ४, आणि दोन रॅक दुपारी १२ ते पहाटे ४. प्रत्येकाला १६ तास मिळतात, आणि चोवीस तासांत अशी एकही वेळ नाही जेव्हा खोलीत पूर्ण अंधार असेल. उष्णतेचा भार दिवसभर वाटला गेला आणि एसीला थांबायला निमित्त उरलं नाही. दोन गटांच्या मध्ये काळा-पांढरा पडदा लावला. तिसरी गोष्ट लहान डीह्युमिडिफायर, हवेतली ओल काढणारं यंत्र. त्याच्याबद्दल एक सांगायला हवं: तो पाणी काढतो, पण ते पाणी वाफ होताना गिळलेली उष्णता आणि त्याची स्वतःची वीज, दोन्ही खोलीतच परत टाकतो. म्हणून तो एसीच्या जागी नाही, एसीच्या सोबत. आर्द्रता ६५ ते ७२ टक्क्यांत आली आणि तिथे राहिली.

या सगळ्यात हवेचं भान नव्हतं. दार रबराने इतकं घट्ट बसतं की खोली जवळजवळ डबाबंद. कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणलं ते निव्वळ कुतूहलापोटी. बाहेर ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ४२० भाग; आत, भरल्या पिकात, दोन्ही गटांचे दिवे चालू असताना २३० पीपीएम. ७२ घनमीटर खोलीत हा वायू मुळात असतो किती, तर ५५ ग्रॅमच्या आसपास. भरलेलं पीक तेवढा दोन-तीन तासांत संपवायला बसतं. उजेड पुरेसा देऊन मी झाडांना उपाशी ठेवत होते. गंमत अशी की मी तासभर आत छाटणी करत बसले की आकडा वर चढायचा. माणूस दिवसाला साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो. कुणी सिलिंडर लावायला सुचवलं. इतक्या घट्ट खोलीत, जिथे मी एकटी काम करते, तिथे तो वायू गळला तर कळणारही नाही, म्हणून मी ते टाळलं. गाळणी लावलेला छोटा पंखा बसवला, तासाला खोलीभर बाहेरची हवा आत आणणारा. तिच्याबरोबर थोडी उष्णता, थोडा दमटपणा येतो. येऊ दे. गाळणी बारीक जाळीची आहे, नाहीतर मावा आणि फुलकिडे त्याच वाटेने आत येतात, आणि आत त्यांना खाणारं कुणी नसतं.

अळिंबी का नाही लावली, असं मला बरेच जण विचारतात. खरं तर अशा खोलीला ती जास्त सोयीची. दिवे नाहीत म्हणजे उष्णता कमी. पण अळिंबी कार्बन डायऑक्साइड घेत नाही, सोडते, म्हणजे ताज्या हवेची गरज आणखी मोठी, आणि आर्द्रता तर माझ्यापेक्षा जास्त लागते. ती ओल याच भिंतींना सोसावी लागली असती. आज नव्याने सुरुवात करायची असती तर कदाचित तरीही तिचाच विचार केला असता. वीजबिल बघून तर नक्कीच: नुसते दिवेच दिवसाला ३७ युनिट घेतात.

इन्सुलेशनचा उपकार मात्र नाकारत नाही. वीज गेली की दिवे जातात, दिवे गेले की उष्णता जाते, आणि मग ही जाड भिंत आतलं तापमान तासन्‌तास जवळजवळ जागचं हलू देत नाही. एकदा वीज सहा तास नव्हती. बॅटरीवर पंप चालू राहिला, आणि मी दार न उघडता बाहेर बसून होते. वीज आल्यावर बघितलं, तापमापक दीड अंशाने सरकला होता. काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तेवढ्यासाठीच तर बांधलीय ना ती."

एसीच्या नळीखाली आता बादली असते. रोज सकाळी तिच्यातलं आणि डीह्युमिडिफायरमधलं पाणी मोजून वहीत लिहिते, आणि शेजारी टाकीत घातलेल्या पाण्याचा आकडा. दोन्ही आकडे जवळपास जुळले की समजायचं, पाणी दुसरीकडे कुठे जात नाहीये. काही दिवस टाकीचा आकडा दोन-तीन लिटरने जास्त भरतो. त्यातलं थोडं पानांतच राहून बाहेर विकलं जातं, थोडं हवेच्या पंख्यातून निघून जातं. बाकीचं कुठे जातं, हे विचारायला कोपऱ्यातली ती खिडकी आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला झाकण काढते, यंत्राच्या दोन सुया लादीमागे खुपसते. आतापर्यंत सहाही वेळा कोरडं. पण ते सहाही महिने उबदार होते, वीट कधी थंड पडलीच नाही. झाकणाला सीलंट लावलेलं नाही, नुसती टेप आहे. थंडी पुढच्या महिन्यात सुरू होईल.